भाचा, पोलंडची जांबोरी आणि बॅनरवाले भाऊ

जुळेसोलापूरची_मावशी

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवरच असते, आज जरा वेगळं विचारायचंय.

माझा भाचा नववीत आहे, शाळेच्या स्काऊट पथकात. २०२७ च्या ३० जुलै ते ८ ऑगस्टला पोलंडमध्ये ग्दान्स्कजवळ जागतिक स्काऊट जांबोरी, म्हणजे जगभरच्या स्काऊटांचा मोठा मेळावा, भरणार आहे. त्यासाठी शाळेतून आणि जिल्ह्यातून त्याचं नाव पुढं गेलंय. अंतिम यादी अजून यायची आहे. फी, विमान, व्हिसा, विमा, सॅक, गरम कपडे सगळं धरून आम्ही तीन लाखांचा अंदाज बांधलाय. दाजी सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात आहेत, ताई घरी शाळेच्या युनिफॉर्मची शिलाई करते, नगावर. घरातून सव्वा लाख निघेल. बाकीचं उभं करायचंय.

पोरानं ठरवलंय, खरी कमाई करायची, म्हणजे स्वतः काम करून पैसे मिळवायचे. शेंगाची चटणी विकायला सुरुवातही केली. तेवढ्यात ही गोष्ट वॉर्डातल्या, महापालिकेच्या तिकिटासाठी इच्छुक असलेल्या एका भाऊंच्या कानावर गेली. सध्या सोलापुरात इच्छुक नसलेला माणूस शोधावा लागतो, ते असो. भाऊ संध्याकाळी चार पोरं घेऊन घरी हजर. "वहिनी, सगळा खर्च आपला. तुम्ही फक्त पोराचा ड्रेसमधला एक फोटो द्या." म्हणजे चौकात बॅनर: वर भाऊ गॉगल लावून, खाली भाचा सॅल्यूट ठोकून.

दाजी खूश. ताई गप्प. भाचा तेव्हापासून घुश्श्यात आहे, जेवायला बसतो पण बोलत नाही. घ्यावेत का हे पैसे? आणि नाही घेतले तर लोकांपुढं हात पसरावा का? चटणीवर पोलंड होतं का हो?

गड्डाकर

मावशी, घ्या की पैसे. निवडणुकीत नाही तर कधी सुटणार त्यांच्या खिशातनं? बॅनर काय, निकालानंतर महापालिकाच उतरवते. पोरगं पोलंड बघून येईल, ते राहील.

सातरस्ता

गड्डाकर, काय बोलायलास बे. बॅनर उतरेल, पण फोटो फिरत राहतो मोबाईलवर. उद्या विरोधी पार्टीवाला विचारेल, तुमचं पोरगं त्यांचं का?

स्काऊटर_निवृत्त

मावशीताई, मी शाळेत बरीच वर्षं पथक चालवलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बॅनरचा विषय आधी मिटवतो. भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या व्याख्येतच चळवळ अराजकीय असल्याचं लिहिलेलं आहे. गणवेश, स्कार्फ, बिल्ला घातलेलं मूल उमेदवाराच्या फलकावर जाऊ शकत नाही. हे पोराच्या सरांनाही माहीत असणार. जिल्हा कार्यालयापर्यंत बॅनरचा फोटो गेला तर अडचण भाऊंची नाही, पोराची होईल. दाजींना एवढं एकच सांगा, बाकी चर्चा नको.

आता खरी कमाई. पोराला हा शब्द सुचला याचाच मला आनंद झाला. हल्ली बऱ्याच शाळांत खरी कमाई म्हणजे आयांनी घरून भेळ करून आणायची, पोरांनी स्टॉल लावायचा, शिक्षकांनी विकत घ्यायची आणि मुख्याध्यापकांनी फीत कापायची, एवढंच उरलंय. आमची पोरं सायकली पुसायची, दुकानांच्या पाट्या धुवायची, चपला पॉलिश करायची. इंग्लंडमध्ये १९४९ पासून स्काऊटांचा 'बॉब-अ-जॉब' आठवडा असायचा. दारोदार जाऊन बागेतलं तण काढ, गाडी धू आणि शिलिंग घे, म्हणजे त्यांच्या बोलीतला बॉब. आपलं त्याच धर्तीचं. काम आधी, पैसा नंतर, आणि प्रत्येक रुपया वहीत.

आपल्या नियमांत आठवा नियमच आहे, स्काऊट काटकसरी असतो. मागू नये असं कुठं लिहिलेलं नाही, पण पथकात मागण्याची पद्धत आम्ही कधी पडू दिली नाही.

एक शंका मात्र विचारतो. पत्र कुणाकडून आलंय? जागतिक जांबोरीला भारतातून जायचा रस्ता एकच, शाळा, जिल्हा, राज्य, मग दिल्लीचं राष्ट्रीय मुख्यालय. मध्येच कुणी 'आंतरराष्ट्रीय युवा शिबिर' म्हणून आगाऊ पैसे मागत असेल तर एक रुपया देऊ नका.

जुळेसोलापूरची_मावशी

सर, पत्र सरांमार्फतच आलंय, जिल्हा कार्यालयाच्या शिक्क्याचं. पैसे अजून कुणी मागितले नाहीत. बॅनरचं आज दाजींना वाचून दाखवते.

खडूस_काका

मी वेगळंच बोलणार, राग मानू नका.

एक. पोरगं नववीत म्हणजे २०२७ ला दहावीची बोर्डाची परीक्षा. वर्षभर चटणी कुटणार की गणित करणार? जांबोरी परीक्षेनंतर आहे हे खरं, पण ती नेमकी अकरावीच्या ऑनलाईन प्रवेशाच्या धांदलीत येणार.

दोन. २०२३ ला कोरियात काय झालं आठवतंय का? सेमांगम, समुद्र बुजवून केलेली जमीन, झाड नाही की सावली नाही. चाळीस हजारांवर पोरं. उन्हानं शेकडो आजारी पडली. ब्रिटनची साडेचार हजार पोरं मध्येच तंबू सोडून सोलच्या हॉटेलात गेली, अमेरिकेचीही निघाली. मग खानून वादळ आलं आणि ८ ऑगस्टला अख्खं मैदानच रिकामं केलं. एवढे पैसे घालून हे?

तीन. तीन लाखांत एक पोरगं परदेशी. त्याच पैशात अख्खं पथक राष्ट्रीय जांबोरी बघून येतं. २०२३ ला राजस्थानात पालीजवळ रोहटला झाली, २०२५ च्या नोव्हेंबरात लखनौला झाली. हे गणित कुणी करत नाही.

कडकभाकरी

काका, सोलापूरचं पोरगं उन्हाला भिणार? मे महिन्यात ४४ ला हे क्रिकेट खेळतात पार्कवर.

युरोपातला_सोलापूरकर

काकांच्या दुसऱ्या मुद्द्याला उत्तर. ग्दान्स्कची जागा म्हणजे सोबिएशेवो बेट, बाल्टिकच्या काठावर, भरपूर झाडी. तिथला जुलै म्हणजे आपली डिसेंबरातली सकाळ. रात्री गारठा असतो, पाऊस कधीही येतो. उन्हाची नाही, रेनकोटची आणि चांगल्या स्लीपिंग बॅगेची काळजी करा. कोरियातल्या प्रकारानंतर आयोजक झोपा काढत बसले असतील असं मला वाटत नाही, पण काकांनी विचारलं ते बरोबरच. पालकांनी सरांना विचारावं, रिकामं करायची वेळ आली तर आपल्या पोरांसोबत कोण असेल?

व्हिसाचं सांगतो, त्यात लोक अडकतात. शेंगेन व्हिसा लागेल, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक. फी एरवी ९० युरो. बोटांचे ठसे द्यायला पोराला स्वतः जावं लागेल. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. आई-वडील सोबत नसल्यानं दोघांची नोटरी केलेली संमती. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्याआधी नाही. म्हणजे नेमका बोर्डाच्या परीक्षेच्या आगेमागे. म्हणून पासपोर्टचं आत्ताच उरका.

आणि पूर्व भागातले असाल तर नाव तपासा. आमच्या शेजारच्या कुटुंबात वडिलांच्या आधारवर आडनावात एक 'ए' जास्त, पोराच्या दाखल्यावर कमी, आईच्या पॅनकार्डावर तिसरंच. तेलुगू आडनावं मराठी शाळेतल्या कारकुनानं इंग्रजीत लिहिली की असंच होतं. ते एकसारखं करण्यात त्यांचा अख्खा उन्हाळा गेला.

जुळेसोलापूरची_मावशी

बाई बाई. आत्ता उठून बघितलं. आधार आणि दाखल्यात फरक आहेच. धन्यवाद हो, हे कुणी सांगितलं नव्हतं.

हिशोबनीस

कर सल्लागार आहे, म्हणून कोरडं लिहितो.

चटणीचं गणित: किलोमागे खर्च जाऊन शंभर रुपये सुटले असं धरा. पावणेदोन लाखांना साडेसतराशे किलो चटणी लागेल. खलबत्त्यात. पोराच्या दंडाचं काय होईल ते सोडा, एवढ्या शेंगा भाजायला ताईंना शिलाई बंद करावी लागेल आणि घराचं उत्पन्न बुडेल. म्हणजे चटणीवर पोलंड होत नाही. चटणीवर पासपोर्ट, सॅक, स्लीपिंग बॅग होईल, आणि तेही कमी नाही. खाण्याची वस्तू विकताय तर अन्नसुरक्षेची छोट्या व्यावसायिकांची नोंदणी करून घ्या, फी नाममात्र असते.

वर्गणीचं: मामा, काका, मावशी, आजी-आजोबा यांनी दिलेल्या भेटीवर कर नाही, कितीही असो. पण नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षात एकूण ५०,००० च्या वर आले तर वरचे नव्हे, सगळेच पैसे उत्पन्न धरले जातात. आणि अल्पवयीन मुलाचं असं उत्पन्न आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवतात. मुलानं स्वतःच्या अंगमेहनतीनं किंवा कौशल्यानं कमावलेलं मात्र मिळवत नाहीत, ते त्याचं स्वतःचं. म्हणजे इथं कायदासुद्धा खरी कमाईच्या बाजूनं आहे. आणि वैयक्तिक देणगीवर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही, तेव्हा कुणाला 'पावती देतो, टॅक्स वाचेल' असं सांगू नका.

दाजींच्या फोनचा क्यूआर कोड गावभर फिरवू नका. दहा वर्षांवरच्या मुलाला आता स्वतः चालवायचं बचत खातं काढता येतं. ते काढा, त्यातच सगळं येऊ द्या, त्यातूनच जाऊ द्या.

शेवटचं, आणि हे कुणीच विचारलेलं नाही. अंतिम यादीत नाव नाही आलं तर लोकांच्या पैशांचं काय?

विजापूरवेस

हिशोबनीस यांचा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. माझ्या ओळखीत एका खेळाडू मुलीसाठी कॉलनीनं पैसे जमवले होते, स्पर्धाच रद्द झाली. पैसे परत मागायला कुणी गेलं नाही, पण बाई भाजी आणायला निघाली की लोक तिच्या पिशवीत काय आहे ते बघायचे.

गड्डाकर

एवढा विचार केला असता तर डॉ. कोटणीस चीनला गेलेच नसते. १९३८ ला पाच डॉक्टरांचं पथक गेलं ते लोकवर्गणीतनंच ना? सुभाषबाबूंनी हाक दिली, लोकांनी दिले. भैय्या चौकात स्मारक आहे, जाऊन बघा. सोलापूरच्या माणसानं परदेशी जायला लोकांकडनं पैसे घेणं काही नवीन नाही.

खडूस_काका

कोटणीस युद्धात जखमींवर उपचार करायला गेले आणि १९४२ ला तिथंच वारले. हा तंबूत झोपायला आणि बॅज अदलाबदल करायला चाललाय. काहीतरी ताळतंत्र ठेवा.

गड्डाकर

तंबूत झोपायला म्हणजे? दीडशे देशांची पोरं येतात तिथं. आमचं पोरगं बार्शीच्या पुढं गेलं नाही अजून.

स्काऊटर_निवृत्त

दोघंही जरा शांत व्हा.

खडूसकाकांचा तिसरा मुद्दा मला पटतो, पण त्यांचा निष्कर्ष नाही. एकाला पाठवायचं की पथकाला, असा तो प्रश्न नाहीच. आमच्याकडे रीत अशी होती की खरी कमाईचा एक हिस्सा पथकाच्या पेटीत जायचा, कुणीही कमावला तरी. भाच्यानं तसं जाहीर करावं: माझ्या कमाईतला चौथा हिस्सा पथकाचा. मग पथकातली बाकीची पोरं त्याच्याबरोबर कामाला येतील. एकट्या पोरानं दारोदार फिरणं मला एरवीही पसंत नाही, सुरक्षिततेच्या दृष्टीनंही. आणि यादीत नाव नाही आलं तर त्याची कमाई पुढच्या राष्ट्रीय जांबोरीला वापरता येईल, ती त्याचीच आहे. लोकांच्या भेटी तेवढ्या परत.

पंचगंगाकाठ

कोल्हापूरहून डोकावतोय. पोलंड म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची वसाहत होती, पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. सैबेरियातून सुटून इराणमार्गे आलेली. त्या छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, आणि त्यांची स्काऊट पथकंही होती. म्हणजे पोलंडचे स्काऊट ऐंशी वर्षांपूर्वी पंचगंगेकाठी संचलन करत होते. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे. भाच्याला सांगा, तिथं कुणी विचारलं 'कुठून आलास' तर सोलापूर कळणार नाही त्यांना, पण जुन्या माणसांच्या घरात कोल्हापूर कळेल.

कडकभाकरी

झालं, कोल्हापूरकर आले आणि धागा घेऊन गेले.

पंचगंगाकाठ

तांबडा-पांढरा नाही काढला अजून, उपकार माना.

टॉवेलवाला

मी अक्कलकोट रोडला असतो, टॉवेल-नॅपकीनच्या धंद्यात. काकांनी बॅज अदलाबदलीला नावं ठेवली, पण मला त्यातच काम दिसलं. जांबोरीत पोरं आपापल्या देशाचे बॅज, स्कार्फ देतात-घेतात म्हणे. सगळ्यांकडे भरतकामाचे बॅज असतील. आपल्या पोरानं सोलापुरी टेरी नॅपकीन न्यावा, छोटा, हातरुमालाएवढा, जॅकार्डवर, म्हणजे नक्षीच्या मागावर, विणलेला. हलका, घडी घालून सॅकच्या कोपऱ्यात शंभर बसतात, आणि तंबूत कामालाही येतो. हाच नॅपकीन आधी इथं विकायचा. पोरानं ऑर्डर आणायच्या, मी कारखान्याच्या भावात देतो, मधलं मार्जिन त्याचं. चटणीपेक्षा बरं सुटेल आणि नासत नाही.

फुकट देणार नाही, आधीच सांगतो. दर ठरवायला पोरानं स्वतः यायचं, मावशीनं नाही.

सातरस्ता

हे बेस्ट. आणि आपलं गाव शाळेच्या युनिफॉर्मवाल्यांचं आहे. शाळेत, सोसायटीत, बापाच्या कारखान्यात ऑर्डर निघतील. रोटरी-लायन्सच्या बैठकीत पाच मिनिटं बोलायला मिळालं तर तिथंही. तिथं मदत मागू नका, नॅपकीन विका.

गड्डाकर

गड्ड्याच्या जत्रेत स्टॉल टाका की. होम मैदानावर संक्रांतीला एवढी गर्दी.

विजापूरवेस

स्टॉलचं भाडं ऐकलंयस का कधी? पाळणेवाल्यांच्या रांगेत चटणी कोण घेणार? त्यापेक्षा संक्रांतीच्या आधी सोसायट्यांतून शेंगापोळीबरोबर चटणीची ऑर्डर घ्या. तेव्हा घरोघरी शेंगा भाजायच्याच असतात.

जुळेसोलापूरची_मावशी

मंडळी, बरेच दिवस लिहिलं नाही, क्षमस्व. एकेक सांगते.

दाजींना निवृत्त सरांची पोस्ट वाचून दाखवली. आधी म्हणाले, "नियमबियम सगळे गरिबालाच." मग पथकाचे सर स्वतः घरी आले, चहा घेतला आणि तेच बोलले. दाजी गप्प झाले. भाऊंना नकार कसा कळवायचा या विचारात ताईच्या दोन रात्री गेल्या. तो प्रश्न परस्पर सुटला. पार्टीनं भाऊंचं तिकीट कापलं. दाजींनी सहानुभूतीचा फोन लावला तर उचलला नाही. त्यांच्यासोबतच्या चार पोरांपैकी दोन आता दुसऱ्या इच्छुकाबरोबर दिसतात.

भाचा टॉवेलवाल्या दादांकडं जाऊन आला, सोबत पथकातले दोघं होते. दर ठरवताना दादांनी म्हणे अर्धा तास घासाघीस केली आणि मग स्वतःच चहा पाजला. चौथा हिस्सा पथकाला, हे पोरानं सरांसमोर वहीत लिहून सही केली. खातं काढलं. पासपोर्टसाठी आधी आधारची दुरुस्ती टाकलीय.

चटणीही चालू आहे, पण बेतानं. काल गेले तर स्वयंपाकघरात पोरगं पाटावर बसलेलं, खलबत्ता दोन पायांत धरून. शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ. ताई म्हणाली मिक्सरला लाव, लवकर होईल. हा नाही म्हणाला, मिक्सरनं भुकटी होते. बत्त्याला तेल सुटून कडेनं लाल चकचकीत होईस्तोवर कुटत होता. मध्ये थांबून डावा हात झटकायचा, आणि पुन्हा. बाजूला इतिहासाचं पुस्तक उघडं होतं. (काका, हे तुमच्यासाठी लिहिलं. सहामाहीला मार्क बरे आहेत.)

आठवड्याला चार किलोच्या वर करायची नाही असं ताईनं बजावलंय. नात्यातल्यांकडून भेटी येतील त्या घेणार, मीही देणार. बाहेरच्यांकडून नुसते पैसे घेणार नाही, वस्तू द्यायची किंवा काम करायचं. अजून बरंच कमी पडतंय. पुढचं वर्ष दहावीचं, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत काय होईल तेवढंच. नाही जमलं तर उरलेलं दाजी सोसायटीतून कर्ज काढतो म्हणतात. त्यावर घरात वाद चालू आहे.

खडूस_काका

मार्क किती ते लिहिलं नाहीत.

असो. कर्ज काढू नका. माझ्या दुचाकीची सर्व्हिसिंग सोडून बाकी सगळी कामं आहेत. गच्चीवरची टाकी धुवायची आहे, माळ्यावरची रद्दी काढायची आहे, झाडांच्या कुंड्या बदलायच्या आहेत. पथकातली दोघं-तिघं येऊ द्या रविवारी, मोठं माणूस सोबत पाहिजे. पैसे रोख देईन, काम बघून देईन.

हिशोबनीस

काका, हे अंगमेहनतीचं उत्पन्न. करमुक्त वगैरे विचारायला नको, रक्कम बघता.

स्काऊटर_निवृत्त

रविवारी मी येतो सोबत. काका, पत्ता खासगी निरोपात पाठवा, इथं लिहू नका.

टॉवेलवाला

मावशी, पोराला निरोप द्या. नक्षीत गड्ड्याच्या मिरवणुकीतला नंदीध्वज घ्यायचा म्हणाला होता, पण काठी उभी आणि नॅपकीन चौकोनी, बाजूची जागा रिकामी पडायलीय. एकाऐवजी सात काठ्या घेतल्या तर भरेल, म्हणजे मिरवणुकीसारखं. मागाच्या नक्षीचं कार्ड पाडणाऱ्या पंचवाल्याला सोमवारी काम द्यायचंय. रविवारी टाकी धुऊन झाली की कारखान्यावर चक्कर मारायला सांगा, कागदावर काढून दाखवतो.

कडकभाकरी

माझी अर्धा किलो चटणी लिहा, लसूण जास्त. आणि नॅपकीन तयार झाले की बारा.